गंजलेल्या कडीची चव

चहाच्या कंपनीत त्यांना सगळे जीभसाहेब म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडतही असे. कुठली पत्ती घ्यायची, कुठली परत पाठवायची, कशात काय मिसळायचं, हे सगळं त्यांच्या जिभेवर ठरायचं. तिला ते तान्ह्या पोरासारखं जपत. तिखट खात नसत, पेस्टनं दात घासत नसत, आणि सकाळी कुणी अत्तर लावून चाखणीच्या खोलीत शिरलं तर त्याला दंडाला धरून बाहेर काढत. मालकीणबाई पाहुण्यांना कारखाना दाखवत तेव्हा आधी यंत्रं दाखवत, मग गोदाम, आणि सगळ्यात शेवटी जीभसाहेब. पाहुणे त्यांच्याकडे बघून हळू आवाजात बोलायला लागत.

आणि गेल्या हिवाळ्यापासून त्या जिभेला काही म्हणजे काहीही कळत नव्हतं.

निमित्त म्हणाल तर सर्दी. चार दिवस नाक वाहिलं, ताप आला, ताप गेला, आणि जाताना वास आणि चव दोन्ही बरोबर घेऊन गेला. जीभसाहेबांना वाटलं, येईल परत. महिना गेला, हिवाळा गेला, काही आलं नाही. साखर म्हणजे रवाळ, मीठ म्हणजे बारीक रवाळ आणि लिंबू म्हणजे ओलं, इतकंच काय ते कळायचं. चहाचं कळायचं ते एवढंच, की गरम आहे.

घरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. लग्न झाल्यापासून या माणसानं एक जेवण नाव न ठेवता जेवलं नव्हतं. आता पानात पडेल ते वा वा करत संपवायला लागला. बायको आधी सुखावली, मग बुचकळ्यात पडली, आणि शेवटी नवऱ्याचं बाहेर काहीतरी चालू असावं असा तिला दाट संशय आला. तिनं गुपचूप त्याचे शर्ट हुंगून बघितले. शर्टांना चहाचा वास येत होता, म्हणजे तिला तरी येत होता.

कंपनीत मात्र पाचावर धारण बसायची वेळ होती. चाखणीची खोली म्हणजे एक लांब पांढरा ओटा, त्यावर ओळीनं पांढरे पेले, प्रत्येक पेल्यामागे झाकणाची छोटी किटली, पुढ्यात कोरड्या पत्तीची डबी, आणि पायाशी चाकांची उंच पिकदाणी. चमच्यात चहा घ्यायचा, फुर्रर्र करून असा ओढायचा की तो टाळ्यावर फवारला गेला पाहिजे, क्षणभर तोंडात घोळवायचा, पिकदाणीत पिचकारी मारायची आणि निकाल द्यायचा. जीभसाहेबांचा फुर्रर्र अजून जोरकस होता. पिचकारी तर अशी नेमकी, की बघणाऱ्यानं टाळी द्यावी. निकालाचं तेवढं जमत नव्हतं.

पण माणूस अडला की डोकं चालवतो. त्याच सुमारास त्यांची भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, त्यांच्या हाताखाली शिकायला लागली होती. पोरगी चुणचुणीत, बोलायला तिखट, आणि तिची डावी भुवई भारी बोलकी. चहा तोंडात गेला की ती भुवई एकतर वर चढायची नाहीतर जागच्या जागी बसून राहायची. चढली तर माल चांगला, बसली तर परत. हे जीभसाहेबांच्या पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं. तेव्हापासून त्यांनी नवी पद्धत पाडली. दोघांनी पाठोपाठ चाखायचं, आणि बोलायचं आधी भाचीनं.

“मामा, हा कसा वाटला?” असं तिनं विचारलं की ते चष्म्यावरून बघत म्हणत, “ते तू सांगायचं. मी सांगितलं तर तू शिकणार कधी?”

कंपनीभर बोलबाला झाला, की काय हो हा गुरू, शिष्याला आधी बोलू देतो. मालकीणबाईंनी वार्षिक भाषणात त्याचा उल्लेख केला. जीभसाहेबांनी मान खाली घातली, ती विनयानं घातली असं सगळ्यांना वाटलं.

असं वर्ष निभावलं. त्या वर्षात एक खास मिश्रणही निघालं. एका खेपेला भाचीची भुवई अशी चढली की थेट केसांत शिरते की काय असं वाटलं. जीभसाहेबांनी मान डोलावली आणि ‘मधाळ, खोल, जुन्या लाकडाची आठवण’ असे तारे तोडले. मिश्रण सोनेरी डब्यात भरलं गेलं, दुप्पट किमतीला विकलं गेलं, आणि मालकीणबाई येताजाता त्या डब्यावरून हात फिरवायला लागल्या. त्या स्वतः कॉफी प्यायच्या.

मग पोटानं घोळ केला.

जीभसाहेबांच्या छातीखाली जळजळ सुरू झाली. जेवलं की जळायचं, उपाशी राहिलं की जास्त जळायचं. ढेकरा अशा, की चाखणीच्या खोलीत फुर्रर्र कुठला आणि ढेकर कुठली ते कळेना. मालकीणबाईंनी त्यांना आपल्या नणंदेकडे धाडलं. ही नणंद पोटाची डॉक्टरीण होती, मोठ्या रुग्णालयात होती, आणि वहिनीला रोज रात्री जेवताना दिवसभराचं सगळं सांगायची तिची सवय होती. जीभसाहेबांच्या घशातून नळी घालून पोट तपासलं गेलं, त्या दिवशी ते कामावर नव्हते. जठरात जंतू सापडले.

“हे जंतू एकाच्या तोंडातून दुसऱ्याकडे जाऊ शकतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “घरात कुणाचं उष्टं खाता का?”

“छे! बायको तर ताटाला हात लावू देत नाही.”

“कामावर?”

जीभसाहेबांना सांगावंच लागलं. चाखणीच्या खोलीत एकच चमचा होता. चांदीचा, खोलगट, त्यांच्या गुरूंनी दिलेला. त्याच चमच्यानं ते चाखत आणि लगेच भाची चाखे, कारण चमचा बदलला की चव बदलते अशी या धंद्यातली जुनी समजूत. मध्ये गरम पाण्यात बुचकळत, पण तेही मनात आलं तर. डॉक्टरीणबाईंनी हे ऐकून डोळे मिटून घेतले, ते बराच वेळ उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाचीला बोलावणं गेलं. जंतू तिच्याही पोटात मजेत नांदत होते.

आता या डॉक्टरीणबाई नेमक्या त्याच जंतूंवरच्या दोन उपचारांची तुलना करत होत्या. एक जुना उपचार, त्यात दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी. दुसरा नवा, त्यात एकच अँटिबायोटिक पण मोठ्या मात्रेत, आणि आम्ल दाबणारी जास्त जोरकस गोळी. जुन्यातलं एक औषध तोंडाची चव बिघडवतं, नव्यात ते औषधच नाही. कुणाला कुठला उपचार, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. पाकिटं सारखी, गोळ्या सारख्या दिसणाऱ्या, गरज तिथे पिठाच्या गोळ्या घालून संख्या जुळवलेली. कोण कुठल्या गटात ते रोग्याला माहीत नाही आणि अभ्यास संपेपर्यंत डॉक्टरलाही नाही.

“तुमच्यासारखी माणसं मिळणं म्हणजे माझं नशीब,” त्या म्हणाल्या. “इतर रोगी म्हणतात, तोंड कसंतरीच झालंय. कसंतरीच म्हणजे काय, ते कुणाला सांगता येत नाही. तुम्ही तर चवीचे दर्दी. मला नीट वर्णन करून सांगा.”

दोघांनी सह्या केल्या आणि पाकिटं घेऊन घरी गेले.

इकडे एका मोठ्या हॉटेलवाल्याची मागणी आली होती. त्याला वर्षभरासाठी एकच चहा ठरवायचा होता, आणि मालकीणबाईंच्या मते ही मागणी मिळाली तर कंपनी तरली, नाही मिळाली तर सगळ्यांनी दुसरी नोकरी बघावी. नमुने यायला वेळ होता, पण जीभ तयार हवी. गोळ्या सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या सकाळीच खोलीत आल्या. जीभसाहेब बँकेच्या कामाला बाहेर गेले होते. भाची एकटीच होती.

“हे जरा चाखून सांग गं,” म्हणत त्यांनी एक पेला पुढे केला.

भाचीनं फुर्रर्र केलं, आणि तिचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. “बाई, नाही कळत हो! गोळ्यांनी तोंडाची वाट लागलीय. फाटकाची गंजलेली कडी चाटावी तसं लागतंय सगळं.”

जीभसाहेब परतले तेव्हा हे त्यांच्या कानावर पडलं. भुवई गेली! वर्षभर जिच्या जिवावर संसार चालला ती भुवई आता पाणी प्यायलं तरी वाकडी होणार. आणि मालकीणबाई तर तोंड भरून म्हणत होत्या, “तुमचं तोंड चांगलं आहे ना, साहेब? म्हणजे तुम्हाला नवं औषध मिळालं असणार. बरंच झालं. आता सगळं तुम्हीच बघा.”

जीभसाहेबांनी एका दमात सांगून टाकलं, “कसलं चांगलं, बाई! माझं तर हिच्यापेक्षा वाईट. गंजलेली कडी, तीही पावसात राहिलेली.”

आणि सांगताक्षणी त्यांना इतकं हलकं वाटलं, की ते खाली बसले. वर्षात पहिल्यांदा ते मोकळेपणी म्हणू शकत होते की मला चव कळत नाही. लोक हळहळत होते! शिपाई खडीसाखर घेऊन आला. बायकोला घरी कळलं तेव्हा तिनं शर्ट हुंगणं सोडून दिलं आणि लोणी काढून ठेवलं. जीभसाहेबांना त्या जंतूंबद्दल मनापासून प्रेम वाटायला लागलं.

दोन आठवडे गोळ्या चालल्या आणि जीभसाहेबांनी आजार नुसता सोसला नाही, तर मिरवला. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, जिभेचं टोक टाळ्याला लावलं आणि जुनी सगळी कला पणाला लावली. “सुरुवातीला गंजलेली कडी. मग मधे, जिभेच्या मागच्या बाजूला, तांब्याचं जुनं नाणं. उतरताना थोडं दिव्याचं तेल. आणि शेवटी, गिळून झाल्यावर बराच वेळ, बंद पडलेल्या घड्याळाचा सेल.”

“सेलची चव तुम्हाला कशी माहीत?”

“धंद्यात सगळं चाखावं लागतं,” ते गंभीरपणे म्हणाले.

डॉक्टरीणबाई हरखून लिहीत होत्या. भाची आधीच येऊन गेली होती. “कमाल आहे,” त्या म्हणाल्या, “तीही अगदी हेच म्हणाली, गंजलेली कडी. किती नेमक्या जिभा!”

गोळ्या संपल्या. पोटातली जळजळ गेली, ढेकरा थांबल्या. भाचीचं तोंड मात्र सुधारेना, आणि जोवर तिचं सुधारत नव्हतं तोवर जीभसाहेबांचंही सुधारण्याची काही घाई नव्हती. कंपनी जुन्या मिश्रणांवर ढकलली जात होती. मालकीणबाईंचे फेरे वाढले. जीभसाहेब रोज सकाळी भाचीच्या भुवईकडे आशेनं बघायचे आणि भुवई रोज गंजलेल्या कडीचंच सांगायची.

औषध संपून सव्वा महिना झाल्यावर शेवटच्या तपासणीचं बोलावणं आलं. एक औषधाचं पाणी प्यायचं आणि थोड्या वेळानं पिशवीत फुंकर मारायची. श्वासातनं कळतं, जंतू राहिलेत की मेलेत. जीभसाहेबांनी पिशवी अशी फुगवली की नर्स मागे सरली. दोघांचेही जंतू मेले होते. जीभसाहेबांना जवळचं कुणी गेल्यासारखं वाटलं.

त्यातच डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. “तुम्ही दोघं माझे शेवटचे रोगी. आज गटांची पाकिटं उघडली. जंतू मारण्यात आमच्याकडे दोन्ही उपचार जवळपास सारखेच निघाले. फरक पडला तो तोंडाच्या चवीत. जुन्या गटातले कितीतरी जण कडू तोंडाची तक्रार करत होते, नव्यात कुणीच नाही. म्हणजे नव्यात फक्त दोघं.” त्यांनी दोघांकडे बोट केलं. “तुम्ही दोघंही नव्या गटात होता. चव बिघडवणारं औषध तुमच्या पोटात गेलेलंच नाही!”

जीभसाहेबांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. भाची भिंतीवरचा जठराचा तक्ता फार बारकाईनं वाचायला लागली.

“अहो, लाजताय काय! मनाचे खेळ असतात हे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चवीवर पोट असलेली माणसं, चव जाईल या धास्तीनंच गेली. फार सुंदर उदाहरण आहे. आज वहिनीला सांगते, तिचा जीव भांड्यात पडेल. तुमच्या जिभा एकदम ठणठणीत!”

रुग्णालयाच्या आवारात एक बाक होता. दोघं त्यावर एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक असे बसले. मनाचे खेळ डॉक्टरीणबाईंनी मानले होते. पण जीभसाहेबांना आपण खोटं बोललो हे पक्कं ठाऊक होतं, आणि भाचीच्या मानेवरची लाली बघता तिलाही तिचं ठाऊक होतं.

“काय गं,” ते शेवटी म्हणाले, “कडी खोटी होती?”

“तुमची?”

“मी आधी विचारलं.”

भाचीनं पदरात तोंड खुपसावं तशी ओढणीत हनुवटी खुपसली. “मामा, मला ना, काही कळतच नाही. कधीच कळलं नाही. सगळं चहासारखंच लागतं. वर्षभर मी तुमच्याकडे बघून सांगत होते. त्या दिवशी तुम्ही नव्हतात आणि बाई पेला घेऊन उभ्या. काय सांगणार? दिलं ठोकून.”

“माझ्याकडे बघून म्हणजे?”

“तुमचा उजवा कान हलतो. चहा आवडला की. कान हलला की मी भुवई चढवायची. तुम्ही मान डोलावायचात, म्हटलं बरोबर आलं.”

जीभसाहेबांनी नकळत कान पकडला. “अगं, मी तुझ्या भुवईकडे बघत होतो! तुझी भुवई चढली की मी मान डोलवायचो. मला हिवाळ्यापासून कशाचीही चव लागत नाही. मीठ नाही, साखर नाही. कान कशाला हलेल माझा?”

भाचीनं त्यांच्या कानाकडे निरखून बघितलं.

“तुम्ही डोळे ताणून बघता ना,” भाची हळूच म्हणाली, “तेव्हा हलतो. चष्मा घसरलेला असला की जास्त.”

“म्हणजे चष्मा घसरला की चहा चांगला?”

“आणि पुसून घातला की परत पाठवायचा.”

“मग वर्षभर चहा चाखला कुणी?”

भाचीला हसू फुटलं. जीभसाहेबही हसले, पोट धरून हसले, जळजळ गेली होती म्हणून हसता आलं. बाकाजवळून जाणारी नर्स थबकून बघायला लागली. आणि हसता हसता भाची एकदम रडायला लागली. “मी शिकायला आले होते हो, मामा. मी रोज विचारायचे, हा कसा, तो कसा. तुम्ही म्हणायचात, तूच सांग. मला वाटायचं माझ्यातच खोट आहे. घरी रात्री साखरपाणी आणि मीठपाणी पेल्यात घालून बसायचे, मला एवढं तरी ओळखता येतं का बघायला.”

“येतं?”

“येतं की.”

जीभसाहेबांना तिच्याकडे बघवेना. आपली जीभ गेली याचं वर्षभर दुःख केलं, आणि ही धडधाकट जीभ समोर बसली होती, तिला आपण साधं एक अक्षर शिकवलं नाही. नुसती तिच्या भुवईवर उपजीविका केली. त्यांना स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी जंतूंच्या तपासणीत नळी घशात असताना ओकारी झाली तेव्हाही वाटली नव्हती.

“उद्या चाखताना माझ्याकडे बघायचं नाही,” ते म्हणाले. “आणि जाताना वाटेत एक चमचा घेऊ तुझ्यासाठी.”

दुसऱ्या दिवशी ओट्यावर हॉटेलवाल्यासाठीच्या तीन खेपा मांडल्या होत्या. तिसरी खेप सोनेरी डब्यातल्या त्या खास मिश्रणाची. मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. नणंदेनं रात्री सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “मनाचे खेळ संपले असतील तर सुरू करा.”

जीभसाहेबांनी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. हातात चमचा घेतला नाही.

“घे पहिला,” ते म्हणाले. “नाव शोधू नकोस. काय होतंय तेवढं सांग. जिभेच्या कडांना काय होतंय?”

फुर्रर्र झालं. जरा कच्चं होतं. “आवळल्यासारखं वाटतंय.”

“किती वेळ राहतं?”

“थुंकलं तरी आहे अजून. कच्च्या फळाची साल चावल्यासारखं.”

“पत्ती नीट पिकू दिली नाही. घाईत वाळवलीय. दुधात चालेल, नुसता नाही चालणार. दुसरा घे.”

“हा गुळगुळीत जातो. कशालाच अडत नाही.” ती थांबली. “पण मागून जरा उजेड पडल्यासारखं होतं. असं म्हणतात का?”

“असं कुणी म्हणत नाही, पण मला कळलं. उंचावरचा माल आहे, पहिल्या तोडणीचा. तिसरा.”

तिसरा तोंडात गेला. मालकीणबाई पुढे झुकल्या. जीभसाहेबांनी सवयीनं मान वळवली, तिची भुवई बघायला, आणि परत खिडकीकडे केली.

“बोल.”

“मामा, ओली भिंत. बंद खोलीतली. आणि गोणपाट.”

जीभसाहेबांनी डोळे मिटले. तो वास त्यांना चांगला ठाऊक होता. त्यांच्या गुरूंनी पहिल्या आठवड्यात तो हुंगायला लावला होता आणि कानफटात द्यायची तेवढी बाकी ठेवली होती. “गोदामात ओल लागलेला माल आहे,” ते म्हणाले. “मालकीणबाई, तुमच्या सोनेरी डब्यात वर्षभर ओल लागलेला माल जातोय. मी पास केला. मी काही चाखलं नव्हतं. हिवाळ्यापासून माझी जीभ मेलीय. औषधानं नाही, मनानं नाही, सर्दीनं. मी पोरीच्या तोंडाकडे बघून मान डोलावत होतो. तिला मी काही शिकवलं नाही, तिचा यात दोष नाही. खुर्चीचं काय ते तुम्ही ठरवा.”

मालकीणबाईंनी सोनेरी डबा उचलला, उघडला, नाक घातलं, आणि पहिल्यांदाच त्या डब्यावरून हात न फिरवता तो खाली ठेवला.

“हॉटेलवाल्याला हाच हवाय,” त्या खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या. “म्हणतो, असा जुन्या तळघराचा वास कुठेच मिळत नाही.”

“तळघराचाच आहे तो,” जीभसाहेब म्हणाले.

मालकीणबाईंनी कपाळ चोळलं. बराच वेळ चोळलं. “दुसरा पाठवा. आवडला तर आवडला. हा माझ्या नावावर नको.” मग त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. “वर्षभर मला शेंड्या लावल्यात दोघांनी. तुम्हाला आत्ताच्या आत्ता घरी पाठवायला हवं, साहेब. पण हिला आज जे विचारलंत ते विचारणारा मला दुसरा कुठे मिळणार?” त्यांनी भाचीकडे हनुवटी केली. “खुर्ची हिची. तुम्ही शेजारी स्टुलावर बसायचं. जीभ तिची, साहेब तुम्ही. आणि चमचे दोन. माझ्या नणंदेला पुन्हा तुम्ही दिसता कामा नये.”

त्या गेल्या. जीभसाहेब उठले आणि स्टूल ओढून घेतलं. स्टूल बुटकं होतं, गुडघे हनुवटीला लागत होते. खुर्ची गेली याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण थोडंच.

भाचीनं दुसऱ्या खेपेचा पेला पुन्हा भरून त्यांच्या पुढ्यात ठेवला. “मामा, घ्या ना. गरम तरी आहे.”

“मला काय कळणार? तूच पी.” ते थांबले. मग लहान मुलानं हट्ट करावा तसे म्हणाले, “पी आणि मला सांग. सावकाश सांग.”

तिनं नवा चमचा बुडवला. आज तिला घाई नव्हती. “आधी काही नाही. नुसतं गरम. मग जिभेच्या मधोमध गोड, पण साखरेचं नाही. कोवळं कणीस चुकून कच्चं खाल्लं तर लागतं तसं. मग कडांना जरासं धरतं आणि सोडून देतं. आणि आता, थुंकल्यावर, नाकात आतल्या बाजूला...” ती डोळे मिटून शोधत राहिली. “सकाळी कुणीतरी नुकतंच लिंबू कापून गेलंय, आणि आपण नंतर त्या खोलीत आलोय.”

जीभसाहेब स्टुलावर ताठ बसले. चाखलं नव्हतं, हुंगलं नव्हतं, पेल्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.